अळीमिळी गुपचिळी

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर अकार्नेनिया नावाचा प्रांत आहे. तिथले दोन तरुण इ.स.पू. 200च्या सुमारास अथेन्सजवळच्या इल्यूसिस गावी आले होते. उत्सवाचे दिवस होते. गर्दी देवळात शिरत होती, तिच्याबरोबर तेही शिरले. आत गेल्यावर त्यांनी शेजारच्यांना काहीबाही विचारलं आणि त्या प्रश्नांवरूनच आजूबाजूच्यांनी ओळखलं की ही पोरं आपल्यातली नव्हेत. त्यांना धरून देवळाच्या प्रमुखांपुढे उभं केलं. पोरं चुकून आत आली आहेत, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तरीही दोघांना ठार मारण्यात आलं. रोमन इतिहासकार लिव्ही पुढची हकिगत सांगतो. चिडलेल्या अकार्नेनियाने मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपची कुमक घेऊन अथेन्सचा मुलूख जाळला, लुटला. अथेन्सने रोमकडे धाव घेतली, आणि रोम-मॅसिडोनिया युद्धाला आयतं निमित्त मिळालं.

त्या उत्सवाचं नाव होतं मिस्टीरिया. इंग्रजीतला ‘मिस्टरी’ हा शब्द तिथून आला. आज आपण हा शब्द वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येतं? बंद खोलीतला मृतदेह, बर्म्युडा ट्रँगल, कपाटातून नाहीसे झालेले दागिने. म्हणजे कोणालाच न उमगलेली गोष्ट. इल्यूसिसच्या मिस्टरीचं नेमकं उलटं होतं. तिथे काय घडतं ते अथेन्समधल्या हजारो माणसांना ठाऊक होतं. नवरा-बायको दोघांना ठाऊक असे, कधी घरातल्या गुलामालाही. फक्त ते बोलायचं नसे. लहानपणी वर्गात खेळायचो ती अळीमिळी गुपचिळी, पण इथे तोंड उघडणाऱ्यावर देहदंडाचं राज्य यायचं.

शब्दातही तेच आहे. ग्रीकमध्ये ‘म्यूएइन’ म्हणजे मिटणं, डोळे मिटणं किंवा ओठ मिटणं. दीक्षा घेतलेल्या माणसाला ‘मिस्टीझ’ म्हणत, आणि हा शब्द त्याच धातूशी जोडला जातो. मिस्टीझ म्हणजे मिटून घेणारा. या धातूच्या मुळाशी ‘मू’ हा नुसता आवाज असावा, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. ओठ घट्ट मिटून पाहा, दुसरा कोणता आवाज निघणारच नाही. लॅटिनमधला ‘म्यूटुस’, त्यावरून आलेला इंग्रजी ‘म्यूट’ आणि संस्कृतातला ‘मूक’ हे याच घराण्यातले. म्हणजे आपला ‘मुका’ हा मिस्टरीचा दूरचा चुलतभाऊ.

याच घरातला आणखी एक शब्द चष्म्याच्या दुकानात भेटतो: मायोपिया. दूरचं धूसर दिसणारा माणूस डोळे बारीक करून पाहतो. त्या मिटल्यासारख्या डोळ्यांवरून ग्रीकांनी त्याला ‘म्यूओप्स’ म्हटलं, ‘म्यूएइन’ अधिक ‘ओप्स’, म्हणजे डोळा. तेव्हा पुढल्या वेळी नंबर वाढला तर आपण मिस्टरीच्या जवळ सरकलो, असं समजायला हरकत नाही. मात्र धुक्याला इंग्रजीत ‘मिस्ट’ म्हणतात त्याच्याशी मिस्टरीचं काही नातं नाही. धुक्यात काही दिसत नाही, मिस्टरीत काही कळत नाही, म्हणून जोडी जमवावीशी वाटते, पण तो नुसता ध्वनीचा योगायोग. ‘मिस्ट’चा नातेवाईक आपल्याकडचा ‘मेघ’ आहे.

आता इल्यूसिसकडे वळू. डिमीटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सिफनी हिला पाताळाच्या राजाने पळवून नेलं. शोकात बुडालेल्या आईने पृथ्वीवर पीकच येऊ दिलं नाही. शेवटी तडजोड झाली. मुलगी वर्षातला काही काळ पाताळात राहील, उरलेला काळ आईकडे. ही कथा सगळ्या ग्रीसला पाठ होती, तिच्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. शोक करणारी डिमीटर म्हातारीच्या वेशात भटकत इल्यूसिसच्या विहिरीपाशी येऊन बसली होती, म्हणून देऊळ त्या गावात.

उत्सव दर वर्षी साधारण सप्टेंबरच्या अखेरीस भरे. अथेन्समध्ये सुरुवातीलाच जाहीर केलं जाई की ज्याचे हात खुनाने माखले आहेत आणि ज्याला ग्रीक समजत नाही त्याने येऊ नये. बाकी सर्वांना दार मोकळं. बायका आणि गुलामसुद्धा चालत, आणि ज्या अथेन्सच्या लोकसभेत या दोघांना पाय ठेवता येत नसे, तिथल्या देवीने एवढी मोकळीक द्यावी हे नवलच. मग सगळे दीक्षार्थी आपापलं डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रावर जात, पिल्लासकट स्नान करत आणि पुढे त्याचा बळी देत. त्यानंतर सुमारे 20 किलोमीटरची पायी मिरवणूक. वाटेत एका पुलावर तोंड झाकलेली माणसं बसलेली असत आणि मिरवणुकीतल्या बड्या बड्या लोकांना शेलक्या शिव्या हासडत. आपल्याकडे शिमग्यात चालतं तसं, आणि तसंच कोणी मनावर घेत नसे. उपास सोडताना जव, पाणी आणि पुदिन्याच्या जातीचा एक पाला घालून केलेलं ‘किकिऑन’ नावाचं पेय प्यायचं. रात्री मशालींच्या उजेडात इल्यूसिसचं महाद्वार ओलांडलं की त्यापुढची वाक्यं संपतात.

आत एक प्रचंड चौरस दालन होतं, एकेक बाजू 50 मीटरच्या आसपास, खांबांचं जंगल, भिंतींलगत पायऱ्या, हजारो माणसं मावतील एवढी जागा. त्याचे अवशेष आजही दिसतात. तिथे काही केलं जाई, काही म्हटलं जाई आणि काही दाखवलं जाई, एवढं प्राचीन लेखक सांगतात. मुख्य पुजाऱ्याला ‘हायरोफंट’ म्हणत, म्हणजे पवित्र वस्तू दाखवणारा. त्याचं मूळ नावही पद मिळाल्यावर उच्चारायचं नसे. दाखवलं काय जाई? तिसऱ्या शतकातला एक ख्रिस्ती लेखक, हिपॉलिटस, म्हणतो की निःशब्द शांततेत कापलेल्या धान्याचं एक कणीस वर धरलं जाई. तो विरोधक होता, त्यामुळे त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच. पण समजा तो खरं बोलतोय. एक कणीस. शेतकऱ्याने रोज पाहिलेलं. 1978 साली काही अभ्यासकांनी असं मांडलं की किकिऑनमधल्या जवावर अर्गट नावाची बुरशी असावी आणि तिच्या नशेत माणसांना दृष्टान्त होत असावेत. कल्पना चटकदार आहे आणि बरीच गाजली. मला ती पटत नाही. उपाशीपोटी वीस किलोमीटर चालून, रात्रभर जागून, मशालीच्या उजेडात हजारो माणसांसोबत श्वास रोखून उभं राहिल्यावर कणीसही पुरे असतं. वारी केलेल्या कोणालाही विचारा.

तोंड उघडल्याचे परिणाम मात्र लेखी नोंदींत भरपूर सापडतात. नाटककार इस्किलस मूळचा इल्यूसिसचाच. त्याच्या नाटकांतून काही बाहेर फुटलं असा आरोप त्याच्यावर झाला. ते गुप्त आहे हे मला माहीत नव्हतं, असा त्याचा बचाव असल्याचा उल्लेख ॲरिस्टॉटल करतो. मीलोसच्या डायगोरसने तर उघड टवाळी केली, तेव्हा अथेन्सने त्याच्या डोक्यावर चांदीचं इनाम लावलं.

सर्वांत मोठं प्रकरण अल्सिबायडीझचं. इ.स.पू. 415. अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघायच्या तयारीत, सेनापतींपैकी एक हा देखणा, उर्मट, श्रीमंत घरचा लाडका. ऐन वेळी बातमी फुटली की त्याने मित्रांच्या मैफलीत मिस्टीरियाची नक्कल केली, स्वतः हायरोफंट बनून. लोकसभेपुढे एक गुलाम साक्ष द्यायला उभा राहिला. इथे अडचण झाली. काय घडलं ते सांगायचं तर विधींचा उल्लेख येणार, आणि तो दीक्षा नसलेल्यांच्या कानावर पडता कामा नये. म्हणून दीक्षा न घेतलेल्या सगळ्या नागरिकांना आधी सभेबाहेर काढलं आणि मगच साक्ष झाली. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापुढेच ते सांगितलं गेलं! पुढे अल्सिबायडीझला आरमारावरून परत बोलावलं, तो वाटेतच निसटून शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. अथेन्सने त्याच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावली, मालमत्ता जप्त करून लिलावात काढली. त्या लिलावांच्या याद्या दगडावर कोरल्या होत्या, त्यांचे तुकडे उत्खननात मिळाले आहेत. आणि काळाचा फेरा पाहा. स्पार्टाच्या फौजेच्या भीतीने इल्यूसिसची मिरवणूक काही वर्षं समुद्रमार्गे नेत होते. इ.स.पू. 407मध्ये परतलेल्या याच अल्सिबायडीझने सैन्याच्या पहाऱ्यात ती पुन्हा पायी नेऊन दाखवली.

एक भारतीय माणूसही या दालनात शिरला होता. इ.स.पू. 20च्या सुमारास भारतातल्या एका राजाचं शिष्टमंडळ रोमन सम्राट ऑगस्टसला भेटायला गेलं. राजाचं पत्र ग्रीकमध्ये होतं. शिष्टमंडळात एक तपस्वी होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो त्याचं नाव झारमानोखेगस देतो आणि गाव बार्गोसा, म्हणजे बहुधा आपलं भडोच. नावात ‘श्रमण’ दडला आहे, असं अनेकांना वाटतं. इतिहासकार डिओ सांगतो की ऑगस्टस अथेन्समध्ये होता म्हणून मिस्टीरियाचे विधी हंगामाबाहेर करण्यात आले आणि या भारतीयालाही दीक्षा मिळाली. त्यानंतर तो अथेन्समध्येच चिता रचून हसत हसत अग्नीत शिरला. त्याची समाधी तिथे बांधली होती, आणि शंभरेक वर्षांनंतर चरित्रकार प्लुटार्कच्या काळीही लोक ती पाहुण्यांना दाखवत. त्या रात्री त्याने आत काय पाहिलं ते त्यानेही कोणाला सांगितलं नाही. मौन ही काही त्याला नवी गोष्ट नसणार.

इ.स. 392मध्ये सम्राट थिओडोशियसने जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी घातली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी इल्यूसिसही लुटलं. देऊळ गेलं. शब्द मात्र त्याआधीच घर बदलून बसला होता.

बायबलच्या जुन्या करारात दानिएलचा ग्रंथ आहे. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं, पण तो ते कोणाला सांगत नाही. उलट ज्ञानी लोकांना हुकूम सोडतो की मला काय स्वप्न पडलं तेही तुम्हीच सांगा आणि अर्थही सांगा. ही गोष्ट अरामी भाषेत लिहिलेली आहे आणि तिथे राजाच्या गुपितासाठी शब्द येतो ‘राझ’. अरामीने तो इराणी भाषेतून उसना घेतला. फारसीत तो आजही ‘राज़’ आहे, उर्दूत आहे आणि हिंदी सिनेमांच्या नावांतही. या इराणी शब्दाचा संस्कृत सोयरा म्हणजे ‘रहस्’, ज्यापासून आपलं ‘रहस्य’ झालं. ज्यू विद्वानांनी हा ग्रंथ ग्रीकमध्ये उतरवला तेव्हा ‘राझ’साठी त्यांनी शब्द निवडला ‘मिस्टीरिऑन’. म्हणजे आपल्या शब्दकोशात ‘मिस्टरी’पुढे ‘रहस्य’ छापण्याच्या दोन हजार वर्षं आधी ही सोयरीक जुळून गेली होती.

या ‘रहस्’चा मूळ अर्थ गुपित नाही, एकान्त आहे. ‘रह्’ म्हणजे सोडणं, टाकणं. त्याच धातूपासून ‘रहित’, त्याच धातूपासून ‘विरह’. चार माणसांना बाजूला सोडून जिथे बसायचं ती जागा रहस्, आणि तिथे जे बोलायचं ते रहस्य. ग्रीकांनी ओठ मिटले, आपण दार लोटलं. दोन्हीकडे गोष्ट ठाऊक असणारा कोणीतरी आहेच. गुरुमंत्राचं तसंच असतं. कानात सांगितलेले शब्द बहुतेक वेळा गावाला ठाऊक असतात, तरी घेणारा ते उच्चारून दाखवत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला ग्रंथ 1915 साली ‘गीतारहस्य’ नावाने छापला, तेव्हा गीतेत कोणी खून केला हे त्यांना सांगायचं नव्हतं. आत दडलेलं मर्म, एवढाच तिथे ‘रहस्य’चा अर्थ. आज कोणी त्या नावाचं पुस्तक काढलं तर रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर ते कोणत्या रांगेत लागेल, सांगता येत नाही.

सेंट पॉलने ‘मिस्टीरिऑन’ उचलला तो टिळकांच्या जवळपासच्या अर्थाने: देवाने युगानुयुगं राखून ठेवलेला आणि आता उघड केलेला बेत. लॅटिन बायबलमध्ये तो कुठे ‘मिस्टेरियुम’ झाला, कुठे ‘साक्रामेंटुम’. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा वगैरे संस्कारांना आजही ‘मिस्टीरिया’च म्हणतात. आणि गोव्यात संध्याकाळी ख्रिस्ती घरांत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटला जातो तेव्हा येशू आणि मारियेच्या चरित्रातले जे प्रसंग आठवायचे असतात त्यांना कोंकणीत ‘मिस्तेर’ म्हणतात, पोर्तुगीज ‘मिस्तेरियो’वरून. आनंदाचे पाच, दुःखाचे पाच, महिमेचे पाच, आणि 2002मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी भर घातलेले उजेडाचे पाच. त्यात न उलगडलेलं असं काही नाही. सात वर्षांच्या मुलीलाही ते पाठ असतात. शब्दाचा जुना अर्थ कुठे जिवंत पाहायचा असेल तर तो अशा ठिकाणी.

इंग्रजीत ‘मिस्टरी’ चौदाव्या शतकात आला तो चर्चच्या वाटेने. पण त्याच काळात दुसऱ्या दाराने त्याचा एक तोतयाही आत आला. लॅटिनमध्ये ‘मिनिस्टेरियुम’ म्हणजे सेवा, काम, धंदा. बोलताबोलता त्याचं ‘मिस्टेरियुम’ झालं आणि इंग्रजीत ‘मिस्टरी’चा दुसरा अर्थ रुजला: कसब, हुन्नर, धंदा. शिकाऊ पोराला उस्तादाकडे बांधून देताना जो करार होई, त्यात कित्येक शतकं ‘आर्ट अँड मिस्टरी’ हे शब्द असत, म्हणजे सुतारकामाची कला आणि कसब. त्याच करारात पोराला उस्तादाची गुपितं राखण्याची शपथही असे. पुन्हा ओठ मिटणं आलंच. दोन वेगळ्या मुळांचे शब्द एकमेकांसारखे का दिसू लागले असतील, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

मध्ययुगात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या धंदेवाल्यांच्या संघांनी बायबलमधली नाटकं गाड्यांवर उभी करून रस्त्यारस्त्यांत केली, तब्बल 48 नाटकांची माळ. नोहाची नाव बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे, आणि येशूला क्रुसावर खिळण्याचा प्रसंग खिळे बनवणाऱ्यांकडे. आपल्या गावच्या जत्रेत बलुतेदारांचे मान ठरलेले असत तसंच, फक्त इथे मान धंद्याला शोभेसा वाटलेला. या नाटकांना पुढे ‘मिस्टरी प्ले’ नाव पडलं. ते धर्मातल्या मिस्टरीवरून की धंद्यातल्या, यावर विद्वान अजून वाद घालतात. घालू देत.

इथे एक मराठी खड्डा चुकवला पाहिजे. आपला ‘मिस्त्री’ या धंदेवाल्या मिस्टरीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, आणि मेस्त्रेचा आजा लॅटिन ‘माजिस्टेर’. ‘माजिस’ म्हणजे अधिक, म्हणून माजिस्टेर म्हणजे वरचा माणूस. उलट ‘मिनुस’ म्हणजे कमी, म्हणून ‘मिनिस्टेर’ म्हणजे खालचा माणूस, सेवक. तेव्हा व्युत्पत्तीच्या दरबारात मिनिस्टर खाली बसतो आणि मिस्त्री वर.

मिस्टरीला ‘न सुटलेलं कोडं’ हा अर्थ मुख्यतः कादंबरीने चिकटवला. ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ 1794ची. किल्ला, काळा पडदा, पडद्यामागे काय आहे ते शेकडो पानं न सांगणं. पुढे शहरं वाढली, पोलीस खाती आली, वर्तमानपत्रं आली, आणि मिस्टरी देवाकडून गुप्तहेराकडे गेली. याच सुमारास फ्रेंचमधून ‘मिस्टिफाय’ आला, म्हणजे समोरच्याला चकवणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मिस्टीक’ आला. माणसाभोवतीचं गूढतेचं वलय, जे बहुतेक वेळा त्याने स्वतःच कमी बोलून तयार केलेलं असतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजार यांनी कित्येक पिढ्यांना रात्री कंदिलाशी जागवलं तोवर ‘रहस्य’नेही हाच प्रवास उरकला होता. एकान्तातलं बोलणं गेलं, शेवटच्या प्रकरणात आरोपीकडे रोखलेलं बोट आलं.

या नव्या अर्थाची सर्वांत अस्सल मिस्टरी चार्ल्स डिकन्सची. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी तो हप्त्याहप्त्याने लिहीत होता. बारा हप्ते ठरले होते. सहा लिहून झाले आणि 9 जून 1870 रोजी तो वारला. ड्रूड मेला की पळाला, मारला तर कोणी, हे कायमचं लटकलं. 1914मध्ये लंडनच्या साहित्यिकांनी कादंबरीतल्या संशयितावर खटलाच भरवला. चेस्टरटन न्यायाधीश, बर्नार्ड शॉ ज्यूरीचा मुख्य. शॉने तिथेही थट्टा केली आणि चेस्टरटनने स्वतः सोडून सगळ्यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला. डिकन्सने मात्र ओठ इतके पक्के मिटले होते की इल्यूसिसच्या हायरोफंटने मान तुकवावी.

आता जुनं इल्यूसिस म्हणजे एलेफ्सिना. अथेन्सचं तेलशुद्धीकरण कारखान्यांचं, बंदराचं उपनगर. 2023 साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा कार्यक्रमाच्या नावातही ‘मिस्टरीज’ होत्या. पण जुना विधी मला दिसतो तो तिथे नाही, लंडनच्या वेस्ट एंडला. ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ तिथे नोव्हेंबर 1952पासून चालू आहे, करोनाच्या टाळेबंदीतला खंड सोडला तर. नाटक संपलं की प्रेक्षकांना विनंती होते, खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. सत्तर वर्षांत लाखो माणसांनी ते पाहिलं, लाखोंना ठाऊक आहे, आणि बहुतेक जण अळीमिळी गुपचिळी. 2010मध्ये विकिपीडियावर शेवट उघडा लिहिलेला आहे अशी ओरड झाली, ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी व्यक्त केली, पण मजकूर तसाच राहिला. डायगोरसच्या डोक्यावर निदान चांदी तरी लागली होती.